धूर निघाला, आग कुठे आहे?

'सगळी वर्तमानपत्रं विकली गेली, खरी बातमी आता सामान्य माणसाच्या मोबाइलवरच मिळते,' असं ठासून सांगणारी मंडळी हल्ली जागोजागी भेटतात. पुरावा मागावा तर 'पुरावा दडपला, हाच पुरावा' असं उत्तर येतं. तेही पुरलं नाही की ठेवणीतली म्हण बाहेर पडते: आगीशिवाय धूर निघत नाही.

निघतो. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात निघाला होता. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही हूल व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच पसरलेली होती. जमावाने त्यांना धरलं, मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पाचही गेले.

त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत नीट आठवावी. गल्लीत पोरं खेळताहेत. मोटरसायकलवरून दोघं येतात, एका पोराला उचलतात आणि पसार होतात. ही फीत मुळात कराचीतली, मुलांना जपा असं पालकांना सांगणारी जाहिरात. तिच्या शेवटी तेच दोघं पोराला परत आणून सोडतात आणि हातातला फलक उघडून दाखवतात. आपल्याकडे पोचलेल्या फितीत हा शेवट नव्हता. तो आपोआप गळत नाही. कुणीतरी बसून कापला. कोण होता हा सामान्य माणूस? विकल्या गेलेल्या वर्तमानपत्रावरही संपादकाचं नाव छापलेलं असतं, त्याला कोर्टात उभं करता येतं. कापणाऱ्याचं नाव आजही कुणाला सांगता येत नाही, आणि विश्वास मात्र त्याच्यावर ठेवायचा!

मोबाइलच्याही आधीची गोष्ट. १८९६ च्या प्लेगात मुंबईत बोलवा उठली, की इस्पितळात नेऊन माणसांची मोमियाई, म्हणजे त्यांच्या अंगातून काढलेलं औषध, काढतात. ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. सरकार परकं होतं, घरातली माणसं उचलून नेत होतं; त्यांची भीती खरीच होती. मोमियाई खरी नव्हती. संशयाला कारण असणं आणि आरोप शाबीत होणं यांतला फरक सव्वाशे वर्षांनंतरही समजावून सांगावा लागतो, याचा संताप येतो.

कटकारस्थानं होतच नाहीत, असं कोण म्हणतं? अमेरिकेत टस्कीगी इथे उपदंश झालेल्या सुमारे ४०० कृष्णवर्णीय पुरुषांना १९३२ पासून चाळीस वर्षं सरकारी खात्याने उपचारांवाचून ठेवलं. ते उघडं पडलं ते आतल्या माणसाने दिलेल्या माहितीवरून, १९७२ मध्ये, एका वृत्तसंस्थेच्या बातमीतून.

मग करायचं काय? मजकूर कुठून निघाला, कधीचा, कुठला, हे विचारावं. चित्रफितीचा मूळ शेवट शोधावा. एकाच फॉरवर्डच्या दहा नकला म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, हे ध्यानात ठेवावं. आणि मुलं पळवल्याची हाकाटी ऐकू आली, तर कुणाचं मूल, कोणत्या गावचं, कोणत्या ठाण्यात फिर्याद, एवढं तरी विचारावं. त्या रविवारी बाजारात हे विचारायला कितीसा वेळ लागला असता?