माळ्यावरचा गुंड

दोस्तांनो, दिवाळी जवळ आली. आता घराघरात माळे उतरवायला सुरुवात होईल आणि तुमच्यापैकी निम्म्या जणांना शिंका सुरू होतील! साकोलीकडून आलेलं एक पत्र माझ्यासमोर आहे. पाठवणारी सातवीत शिकते. लिहिते, "ताई, आमच्या घरात माणसं चार आणि वस्तू चारशे. आईला कात्री सापडत नाही, बाबांना पावत्या सापडत नाहीत, मग दोघांचं वाजतं. मला अभ्यासाला कोपरा नाही. या दिवाळीत आई-बाबा बाजारात गेले की मी सगळं कबाडीवाल्याला देऊन टाकणार आहे. तुमचं काय मत?"

माझं मत ऐकायचं तर आधी आमच्या लाखनीच्या घरात काय झालं ते ऐका.

आमचं घर जुनं, कवेलूचं. दोन खोल्या, पडवी आणि वर लाकडी माळा. तीन वर्षांपूर्वी भाचा दहावीत गेला. त्याला टेबल हवं होतं आणि टेबलाला जागा हवी होती. दिवाळीच्या आधीच्या रविवारी दादानं कंबर कसली. माझी आई, म्हणजे मुलांची आजी, तेव्हा पवनीला मावशीकडे गेली होती. दादा म्हणाला, बरंच झालं, ती असली की एक सुतळी फेकू देत नाही.

माळ्यावरून काय काय निघालं म्हणता! बूड नसलेल्या तीन बादल्या. कूलरची जळकी मोटर. झाकणं हरवलेले आइस्क्रीमचे अकरा डबे, आणि डबे हरवलेली चौदा झाकणं. (यांची एकमेकांशी गाठ का पडत नाही, हे मला आजवर कळलेलं नाही.) लग्नपत्रिकांचा गठ्ठा, बंद रेडिओ, उंदरांनी कुरतडलेलं सूप. आणि अगदी मागच्या बाजूला, काळी पडलेली पितळेची भांडी: दोन गंज, एक कोपर, एक गडवा आणि एक मोठा गुंड.

कबाडीवाला आला. प्लॅस्टिकचे त्याला चार पैसेही द्यायचे नव्हते, पण पितळ बघून त्याचे डोळे चमकले. गुंड आणि एक गंज तराजूत गेले. बाकीची भांडी कोपऱ्यात राहिली, कारण त्याच्या गाडीत जागा उरली नव्हती. त्या पैशांत टेबल आलं. संध्याकाळी खोली अशी मोकळी दिसत होती की भाच्यानं मधोमध दोन कोलांट्या मारल्या.

मंगळवारी आई परतली. टेबल बघितलं, छान म्हणाली. पाणी प्यायली. मग वर नजर गेली.

"माहा गुंड कोनं नेला रे?"

कुणीच बोलेना. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पडवीत जाऊन बसली. आठ दिवस कामापुरतं बोलली आणि त्या मोकळ्या खोलीत पाऊल टाकलं नाही. दादा आधी चिडला. "वीस वर्षांत तिनं त्या गुंडाला हात लावला नव्हता!" हे अगदी खरं होतं. घरात नळ आला तेव्हाच गुंड वर गेला होता. पण सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हा तो तिच्यासोबत आला होता. गळ्याभोवती टिंबाटिंबांनी तिच्या वडिलांचं नाव, गाव आणि लग्नाचं साल कोरलेलं होतं. तिच्या वडिलांचा एकही फोटो आमच्याकडे नाही. त्यांचं नाव लिहिलेली ती एकच वस्तू होती, हे आम्हा भावंडांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. मीसुद्धा त्या दिवशी तिथेच होते, तराजूचा काटा बघत!

चौथ्या दिवशी दादा महामार्गावरच्या कबाडीवाल्याकडे धावला. माल भंडाऱ्याला गेला होता.

आता भंडाऱ्याला का, ते तुम्हाला ठाऊक असेलच. भंडारा हे पितळेचं शहर. 'भाना' म्हणजे पितळेचं ताट, त्यावरूनच गावाला नाव पडलं असं जुनी माणसं सांगतात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं मिश्रण. सुमारे 900 अंश सेल्सियसला ते वितळतं आणि त्यातून नवं भांडं घडवता येतं. म्हणून मोडीला इतका भाव. तुमच्या घरातल्या समईत कुणाच्या आजीचा गुंड मिसळलेला असेल, सांगता येत नाही. गुंड कुठल्या तरी भट्टीत गेला होता, किंवा जाणार होता. शंभर गुंडांच्या ढिगातून आमचा शोधायचा कसा? दादा हात हलवत परत आला.

मग ही भांडी माळ्यावर गेलीच का? पितळेत ताक किंवा चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं, म्हणजे धातू त्यात उतरतो आणि खाण्याजोगं राहत नाही. म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यांना आतून कथलाचा पातळ लेप देत. तीच कल्हई. कल्हईवाला भांडं तापवायचा, नवसागराची पूड टाकायचा आणि कथील कापडानं भराभर फिरवायचा. पांढरा धूर उठायचा आणि काळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. मग स्टेनलेस स्टील आलं. लोखंडात क्रोमियम मिसळल्यानं ते गंजत नाही, कळकत नाही, हलकंही असतं. कल्हईवाला येईनासा झाला. टाकवत नाही आणि वापरवत नाही, अशा वस्तूंसाठी घरात एकच जागा असते: माळा.

मारी कोंदो नावाच्या एका जपानी बाईंनी घर आवरण्यावर पुस्तक लिहिलं. 2014 साली ते इंग्रजीत आलं आणि जगभर खपलं. त्यांचा क्रम असा: आधी कपडे, मग पुस्तकं, मग कागदपत्रं, मग किरकोळ सामान आणि आठवणीच्या वस्तू सगळ्यात शेवटी. आम्ही नेमका शेवटापासून आरंभ केला होता, आणि तोही दुसऱ्याच्या आठवणींपासून. (तिसरं मूल झाल्यावर आपण घर टापटीप ठेवण्याचा नाद बराचसा सोडून दिला, असं याच बाईंनी 2023 साली सांगितलं. तेव्हा तुमच्या आईला हे पुस्तक दाखवून टोमणे मारू नका!)

पुढच्या वर्षी आम्ही आईलाच अंगणात खुर्ची दिली. एकेक वस्तू तिच्यापुढे आणायची आणि विचारायचं. भाची वही घेऊन बसली. हा गंज कुठला? तुमसरच्या आत्यानं दिलेला. हे कोपर? धान चांगलं झालं त्या वर्षी घेतलेलं. आई सांगत होती, भाची लिहून घेत होती. आणि सांगून झालं की आई म्हणायची, "जाऊ दे आता." आम्ही बघतच राहिलो. सुतळी न सोडणाऱ्या बाईनं दुपारपर्यंत अर्धा माळा रिकामा केला, दादापेक्षा जास्त! फक्त गडवा हातात घट्ट धरला. "हा मले राहू द्या."

अडलं कुठे माहीत आहे? भाच्याच्या मोडक्या बॅटपाशी. गुंडावर "जुनाट" म्हणून हसणारा हा पठ्ठ्या दांडा तुटलेली बॅट सोडेना, का तर तिनं त्यानं एकदा शाळेच्या सामन्यात 41 धावा काढल्या होत्या. बॅट अजून घरात आहे. आजीनंच ठेवून घेतली.

तर साकोलीच्या मैत्रिणी, आई-बाबा बाजारात गेले असताना काहीही देऊ नकोस. तुझ्या दप्तरापासून आणि तुझ्या कप्प्यापासून सुरुवात कर, ती तुझी हद्द. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून एक कच्ची वही शिव. न लिहिणारी पेनं, लहान झालेले फ्रॉक, हे एका दिवसाचं काम. मग बाबांकडे जा आणि फक्त पावत्यांची पिशवी माग. दोघं मिळून बसा, जुनं काय, लागणारं काय, त्यांनाच ठरवू दे. कात्रीसाठी भिंतीला खिळा पुरे. ज्या वस्तूवर वाद होईल ती एका खोक्यात घाला, खोक्यावर संक्रांतीची तारीख टाका आणि तोवर त्यावर बोलणं बंद. मुदत संपलेली औषधं आणि फुगलेली मोबाइलची बॅटरी यांना मात्र मोठ्यांनाच हात लावू दे. बॅटरी जाळायची नाही, ठोकायची नाही.

एवढ्यानं चारशेच्या दोनशे होतील का, मला माहीत नाही. तुझ्या अभ्यासाचा कोपरा बहुतेक निघेल. झालं की कळव.

आमच्या टेबलावर आता भाची अभ्यास करते. गडवा तिथेच असतो, तिच्या पेनांसाठी. दर शनिवारी आई त्यातली पेनं बाहेर काढते, गडवा चिंचेनं लख्ख घासते, पुसते आणि पेनं पुन्हा आत ठेवते. शाईचे डाग पडले की भाचीला रागावते.