शाळेत तपासणी झाली, पुढे काय?



पी.एम.ई. म्हणजे काय, हे रेल्वे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. मुदत भरली की लोको पायलट, पॉइंट्समन यांना रेल्वे दवाखान्यात हजर व्हावेच लागते. नजर कमी भरली तर चष्मा लागतो. त्या कामास अपात्र ठरले तर पगार न घटवता पर्यायी काम देण्याची जबाबदारी प्रशासनावर येते. १९९५ च्या व त्यानंतर २०१६ च्या अपंगांविषयीच्या कायद्यांनी हे संरक्षण पक्के केले. तपासणीला अर्थ येतो तो तिच्या निकालाला कोणी तरी बांधील असते म्हणून. हीच कसोटी आम्ही शाळेतील आरोग्य तपासणीला लावू इच्छितो.

शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्या देशात प्रथम १९०९ साली बडोदे शहरात झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला, तोही आपल्या महाराष्ट्रात, पालघर येथे. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका व एक औषधनिर्माता असे पथक गाडी घेऊन वर्षातून एकदा सरकारी व अनुदानित शाळेत येते, अंगणवाडीत दोनदा येते. जन्मजात व्यंग, जीवनसत्त्वांची व रक्ताची कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील दोष पाहते. दोष आढळल्यास मुलाला पुढच्या रुग्णालयात पाठवायचे व शस्त्रक्रियेसह उपचार मोफत करायचे, अशी ही योजना आहे. योजना चांगली आहे, यात वाद नाही.

गरजही मोठी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेली मुलगी वर्गात पेंगते आणि घरचे तिला आळशी म्हणतात. फळा न दिसणारा मुलगा 'ढ' ठरतो.

परंतु पथक निघून गेल्यावर काय होते? चिठ्ठी मुलाच्या दप्तरात राहते. रुग्णालय तालुक्याला किंवा जिल्ह्याला. स्टेशनवर सफाई करणाऱ्या ठेकेदाराच्या कामगाराने मुलाला तेथे न्यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची. ट्रॅकमनला रजा मागून मिळेलच असे नाही. कायम रेल्वे कामगाराच्या मुलांना निदान रेल्वे दवाखाना आहे. ठेका कामगाराला तो नाही, आणि ग्रामीण डाक सेवकाला सी.जी.एच.एस.चे छत्र नाही. त्यांच्या मुलांना शाळेतील ही तपासणी हाच आधार आहे. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुले विनाअनुदानित इंग्रजी शाळेत जातात. ही योजना त्या शाळांसाठी नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. या पथकातील डॉक्टर, परिचारिका हे स्वतः करारावरचे कामगार आहेत. सेवेत कायम करा, या मागणीसाठी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्रात २०२३ साली संपावर जावे लागले. ज्याला स्वतःच्या नोकरीची खात्री नाही, त्याने तुमच्या मुलाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा ही अपेक्षा कशी धरायची? त्यांची मागणी ही आपलीच मागणी आहे.

म्हणून प्रत्येक शाखेला आमचे सांगणे असे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. आपल्या सभासदांनी तेथे निवडून जावे. तपासणीत किती मुलांना पुढे पाठवले, किती प्रत्यक्ष गेली, किती राहिली, हा हिशोब प्रत्येक बैठकीत मागावा. राहिलेल्या मुलांना नेण्यासाठी एक दिवस ठरवून वाहनाची सोय मागावी. शाखांनी अधिकाऱ्यांपुढे अशा दिवसाच्या रजेचा प्रश्न लावून धरावा, आणि ठेका कामगाराची मजुरी कापली जाऊ नये असा आग्रह धरावा.

महागाई भत्त्याचा एक हप्ता थकला तर आपण गेट मीटिंग घेतो. मुलाच्या चष्म्याची चिठ्ठी वर्षभर थकली, तर तिचीही थकबाकी तेवढ्याच जोराने मागितली पाहिजे.