पिवळा दिवा कोणाच्या भाषेत बोलतो?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. आईचे डोळे तपासून पुण्याहून परत येत होतो. इंदापूर मागे पडले, भीमेचा पूल ओलांडला आणि टेंभुर्णी हाकेच्या अंतरावर आली असताना गाडीच्या मीटरवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती, आवाजही नेहमीचाच होता. आईने विचारले, ''काय झालं रे?'' मी म्हणालो, ''काही नाही, दिवा लागलाय.'' तिने पुढे विचारले, ''कशाचा?'' या साध्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. गाडी माझी, कर्जाचे हप्ते मी फेडलेले, पण ती काय सांगते आहे हे मला कळत नव्हते.

गाडी २०१४ सालची, पेट्रोलवरची, २०१९ मध्ये दुसऱ्या हाताने घेतलेली. हा दिवा काही पहिल्यांदा लागला नव्हता. महिन्यापूर्वी शहरातल्या एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये तो दाखवला होता. तेथे संगणक जोडला गेला, कागद छापला गेला आणि 'ऑक्सिजन सेन्सर खराब' असा निकाल मिळाला. नवा सेन्सर, मजुरी आणि कर धरून नऊ हजारांच्या वर रक्कम गेली. दिवा विझला. आम्ही खूश झालो. तीन आठवड्यांनी तो पुन्हा लागला.

टेंभुर्णीच्या चौकात उभे राहिले की महाराष्ट्रातल्या चारी दिशांची वाहने दिसतात. पुणे-सोलापूर महामार्ग तर आहेच, शिवाय पंढरपूर, कुर्डुवाडी आणि करमाळ्याकडच्या वाटाही येथेच फुटतात. गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या, आषाढीला भाविकांच्या जीपगाड्या, एरवी औद्योगिक वसाहतीतले टेम्पो. या वाहतुकीच्या आधारानेच रस्त्याकडेला पंक्चर, बॅटरी, वेल्डिंग आणि इंजिनकामाची दुकाने वाढली. त्यांतल्याच एका पत्र्याच्या शेडसमोर दुसऱ्या दिवशी मी गाडी लावली. मिस्त्रींकडे एक स्कॅनर होता. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात त्यांनी तो जोडला. पडद्यावर अक्षरे आली, पी-०१७१.

''सर, ह्यो आकडा म्हंजी पत्ता न्हाय,'' मिस्त्री म्हणाले, ''नुसतं गावाचं नाव हाय. घर आपल्यालाच हुडकाय लागतंय.''

पी-०१७१ चा अर्थ एवढाच की, इंजिनात जळणारे मिश्रण पातळ झाले आहे. म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. ऑक्सिजन सेन्सरने हे ओळखले होते. अनेकदा तोच बिचारा निरोप्या दोषी ठरतो आणि बदलला जातो. माझ्या बाबतीत तेच झाले होते. मिश्रण पातळ होण्याची कारणे अनेक असतात. पेट्रोलचा पंप थकलेला असेल, फिल्टर तुंबला असेल, आत जाणारी हवा मोजणारा सेन्सर मळला असेल, किंवा न मोजलेली हवा कुठून तरी चोरवाटेने आत शिरत असेल.

मिस्त्रींनी गाडी जागेवर चालू ठेवून स्कॅनरवर दुसरा एक आकडा पाहिला. मिश्रण बरोबर राखण्यासाठी संगणक किती जादा पेट्रोल सोडतो, हे त्यात दिसते. गाडी नुसती उभी असताना ही वाढ २४ टक्के होती. इंजिन रेस केले तेव्हा ती ५ टक्क्यांवर आली. मग त्यांनी उलगडा केला. पंप कमजोर असता, तर मागणी वाढल्यावर पेट्रोल आणखी कमी पडले असते आणि आकडा चढला असता. तो उतरला, याचा अर्थ हवा गळते आहे. इंजिन मंद असताना आतली हवाच थोडी असते, त्यामुळे चोरवाटेच्या हवेचा हिस्सा मोठा ठरतो; वेग वाढला की तोच हिस्सा किरकोळ होतो. त्यांनी नळ्या एकेक करून चाचपल्या, कान लावला आणि हवेच्या मुख्य होज पाइपाच्या खालच्या वळणावर, वरून न दिसणारी, बोटाच्या पेराएवढी चीर दाखवली. नवा पाइप आणि दोन क्लिपा मिळून सातशे रुपयांच्या आत काम झाले. दिवा पुन्हा लागलेला नाही.

येथे 'गावचा मिस्त्री हुशार आणि शहरातले सर्व्हिस सेंटर लबाड' असा सोपा निष्कर्ष काढता येईल. पण तो खरा नाही. लागलेला दिवा नुसता पुसून शंभर रुपये घेणारे मिस्त्री मी याच रस्त्यावर पाहिले आहेत आणि मन लावून काम करणारे तंत्रज्ञ मोठ्या सर्व्हिस सेंटरांतही भेटले आहेत. खरा प्रश्न वेगळा आहे. गाडी जे सांगते ते वाचण्याचा अधिकार कोणाला, आणि ते वाचायला शिकवणार कोण?

हा दिवा मुळात प्रदूषणाच्या कायद्यातून आला. धूर मर्यादेत राहतो की नाही, याची नोंद गाडीने स्वतःच ठेवावी, अशी त्यामागची कल्पना. अमेरिकेत १९९६ पासून सर्व नव्या मोटारींना एकाच पद्धतीचे सॉकेट आणि एकाच पद्धतीचे सांकेतिक आकडे बंधनकारक झाले. आपल्याकडे १ एप्रिल २०१० रोजी भारत स्टेज-४ हे प्रदूषणाचे निकष निवडक मोठ्या शहरांत लागू झाले, त्यांबरोबर ही पद्धत पहिल्या टप्प्यात आली आणि २०१३ मध्ये तिचा दुसरा, अधिक कडक टप्पा सुरू झाला. त्या निवडक शहरांच्या यादीत दिल्ली, मुंबई, पुण्याबरोबर आपले सोलापूरही होते, हे फार थोड्यांच्या लक्षात असेल. २०१७ मध्ये हे निकष देशभर लागू झाले आणि २०२० मध्ये भारत स्टेज-६ आले. म्हणजे आज दुसऱ्या हाताच्या बाजारात येणाऱ्या बहुतेक मोटारी बोलक्या आहेत. ऐकणारे मात्र अजून कमी आहेत.

त्यांची भाषाही पूर्ण खुली नाही. आकड्याच्या सुरुवातीचे 'पी' हे अक्षर इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी असते. त्यानंतर शून्य असेल, तर तो आकडा सर्व कंपन्यांना समान असतो. कोणताही स्वस्त स्कॅनर त्याचा अर्थ सांगतो. पण शून्याच्या जागी एक आला की, साधारणपणे तो त्या कंपनीचा स्वतःचा आकडा असतो. त्याचा नेमका अर्थ, तपासणीचा क्रम, वायरिंगचा नकाशा आणि नवा भाग बसवल्यावर तो संगणकाला ओळखीचा करून देण्याची सोय हे सारे बहुतांशी कंपनीच्या हाती असते. माझ्या नशिबाने माझा आकडा शून्याचा होता. तो एकाचा असता, तर पत्र्याच्या शेडमधल्या माणसाची बुद्धी कितीही तल्लख असली, तरी त्याला अंधारातच चाचपडावे लागले असते.

हा वाद नवा नाही. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नाहीत, या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला. भाग आणि यंत्रे खुली करा, गाडी बाहेर दुरुस्त केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या. २०१६ च्या डिसेंबरात अपिलीय न्यायाधिकरणाने आपल्यासमोरच्या तीन कंपन्यांबाबत मूळ निष्कर्ष मान्य केला, मात्र दंडाचा हिशेब सौम्य केला. पुढे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर मोटारींचाही तिच्या कक्षेत समावेश होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू झाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने मात्र २०१२ मध्येच कायदा करून, अधिकृत विक्रेत्याला मिळणारी दुरुस्तीची माहिती मालकाला आणि स्वतंत्र गॅरेजलाही वाजवी किमतीत द्यावी, असे ठरवले होते. फरक येथेच आहे. आपल्याकडे आदेश निघाला, समिती बसली. पण टेंभुर्णीच्या शेडपर्यंत त्यातले काय पोहोचले, असे विचारले तर मिस्त्री नुसते हसतात.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे नाही. गाडीचे कुलूप उघडणारे संकेत कोणाच्याही हाती पडले तर चोरांचे फावेल. एअरबॅगशी अर्धवट ज्ञानाने केलेला खेळ जिवावर बेतू शकतो. संगणकात फेरफार करून धुराचे नियम चुकवणारेही आहेतच. पण ही जोखीम असलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवता येतात. नावनोंदणी केलेल्या, प्रशिक्षित कारागिराला त्या देता येतात. इंजिनाच्या एखाद्या आकड्याचा अर्थ दडवून चोरी कशी थांबते, हे मात्र समजत नाही.

या प्रश्नाला आता एक नवी किनार आली आहे आणि ती थेट आपल्या उसाच्या फडातून येते. देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठल्याचे सरकारने जाहीर केले. आमच्या माढा तालुक्यात ऊस हेच अनेक घरांचे पीक. त्यामुळे इथेनॉलला मागणी वाढली की घरात आनंदच होतो. पण त्याच घराच्या अंगणात दहा वर्षांची मोटारही उभी असते. इथेनॉलमध्ये वजनाच्या सुमारे ३५ टक्के ऑक्सिजन असतो आणि त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा लिटरमागे जवळजवळ एक तृतीयांशाने कमी. त्यामुळे इंजिनाच्या संगणकाला थोडे जास्त इंधन सोडावे लागते. नीती आयोगाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच, जुन्या बनावटीच्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के घटेल असा अंदाज दिला होता. काही जुन्या वाहनांत रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागतील, हे सरकारनेही २०२५ मध्ये मान्य केले.

म्हणजे 'मिश्रण पातळ' हा आकडा जुन्या गाड्यांत पुढे अधिक दिसला, तर नवल वाटू नये. ही गळती आहे, पंपाचा दोष आहे, की नव्या इंधनाशी जुळवून घेण्याची मर्यादा संपली आहे, हे सांगणारा माणूस गावोगाव लागेल. तो नसेल तर प्रत्येक दोष इथेनॉलच्या माथी मारला जाईल, नाहीतर प्रत्येक वेळी एक निर्दोष सेन्सर बदलला जाईल. दोन्ही प्रकारांत पैसा जाणार तो कुटुंबाचाच.

यावर उपाय अवघड नाहीत. स्पर्धा आयोगाने जे सांगितले, त्याला स्पष्ट कायद्याचे बळ हवे. दुरुस्तीची माहिती मराठीसह भारतीय भाषांत, परवडेल अशा शुल्कात मिळायला हवी. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे; पण वीस वर्षे कार्ब्युरेटर उघडत आलेला, चाळिशी गाठलेला मिस्त्री शेड बंद करून दोन वर्षे वर्गात बसणार नाही. त्याच्यासाठी आठवड्यातून एक संध्याकाळ, असे छोटे वर्ग तालुक्याच्या आयटीआयने घ्यावेत. कान आणि बोटे त्याची तयार आहेतच. आकडे वाचायला शिकवायचे आहे.

वाचकांनीही थोडी सवय लावून घ्यायला हवी. दिवा स्थिर असेल तर घाबरू नका, पण लवकर दाखवा. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबा. पेट्रोल न जळताच बाहेर पडत असते आणि धूर शुद्ध करणारा महागडा कन्व्हर्टर त्यात जळू शकतो. आकडा पुसण्याआधी कागदावर लिहून घ्या. दोष घडला त्या क्षणीचा वेग आणि तापमान यांची नोंदही गाडीत असते, तीही मागा. 'हा भाग बदला' असे कोणी म्हणाले, तर 'हाच खराब आहे हे कशावरून ठरवलेत?' एवढे नम्रपणे विचारा. जुनी गाडी घेताना, दिवा लागलेला नाही यावर समाधान मानू नका. विकणाऱ्याने आदल्या दिवशी आकडे पुसले असतील, तर गाडीच्या अंतर्गत तपासण्या अपूर्ण दिसतात आणि स्कॅनर ते लगेच दाखवतो.

परवा आईला पुन्हा पुण्याला नेले. इंदापूरच्या पुढे तिने माझ्या बाजूला वाकून मीटरकडे पाहिले आणि विचारले, ''आज दिवा न्हाई?'' मी म्हणालो, ''नाही.'' मग तिला त्या चिरलेल्या पाइपाची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकली आणि म्हणाली, ''मग आधी त्यालाच का नाही दाखवली?''

मिस्त्रींकडे स्कॅनर आहे हेच मला ठाऊक नव्हते. आणि पुढच्या वेळी आकडा शून्याचा नसून एकाचा निघाला, तर तो वाचण्याची सोय त्यांच्या शेडमध्ये असेल की नाही, हे ना माझ्या हाती आहे ना त्यांच्या.