कावळा, खंड्या आणि कुसळ

'हे सगळे शोध आमच्या किताबात आधीच होते' असा मेसेज तुमच्याही मोबाईलवर येत असेल. मी मुसलमान आहे, कुरआन श्रद्धेने वाचते. तरी तो मेसेज मी वर्गात वाचत नाही.

कुरआनात आदमच्या मुलांची गोष्ट आहे. भावाला मारल्यावर प्रेताचं काय करावं, हे काबीलला कळेना. अल्लाहने कावळा पाठवला. तो जमीन उकरू लागला, ते पाहून याला दफन कळलं. म्हणजे आमच्याकडे कावळासुद्धा माणसाचा गुरुजी झालाय! पण त्याच्याकडे बघावं तर लागलंच ना?

१९४१ साली स्वित्झर्लंडचे इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्राल फिरून आले, तर कुत्र्याच्या केसांत काटेरी बोंडं अडकलेली. आपण झटकून टाकली असती. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बारीक आकडे दिसले आणि त्यातून, बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर, मुलांच्या बुटांवरचं ते चरचर वाजणारं वेल्क्रो आलं. जपानची बुलेट ट्रेन बोगद्यातून निघताना मोठा आवाज व्हायचा. इंजिनिअर एइजी नाकात्सु यांना पक्षी बघायचा नाद. पाण्यात अलगद सूर मारणाऱ्या खंड्याच्या चोचीवरून त्यांनी गाडीचं नाक घडवलं.

निर्मात्याची कारागिरी मला यात दिसते. पण 'आधीच लिहिलंय' म्हटलं, की मूल बघायचंच थांबतं.

परवा चौथीतल्या एकाने मोज्याला चिकटलेलं कुसळ आणलं. भिंगातून बघून म्हणाला, "मॅडम, याला आकडा नाही, उलटी लव आहे." घरी त्याला बोलणी बसली होती, शाळेत कचरा नेतोस म्हणून. पालकहो, तेवढा कचरा येऊ द्या.