पडद्यावरचें कुंकू

कावीळ झालेल्या मनुष्यास पांढरा शंख पिवळा दिसतो, हें आपल्या दर्शनकारांचें आवडतें उदाहरण आहे. भ्रमज्ञानाची चर्चा निघाली कीं दोरीवरचा साप, शिंपींतली चांदी आणि हा पिवळा शंख हीं तीन उदाहरणें हटकून यावयाचीं. शाळेंत संस्कृत शिकवीत असतां आम्हीं हा शंख शेंकडों वेळां फळ्यावर लिहिला असेल. परंतु त्याचा चटका स्वतःच्याच घरांत बसेल, असें स्वप्नांतही आलें नव्हतें. तो बसला गेल्या मार्गशीर्षांत, आणि निमित्त झालें एका लग्नपत्रिकेचें.

आमच्या धाकट्या सूनबाई घरीं बसून लग्नमुंजीच्या पत्रिका संगणकावर तयार करून देतात. कुटुंब एकत्र, माणसें नऊ. स्वतंत्र टेबल मांडावयास जागा कोठून असणार? म्हणून त्यांनीं एक पोर्टेबल मॉनिटर, म्हणजे जवळ बाळगण्याजोगा सुटा पडदा, विकत घेतला. पाटीसारखा पातळ, साडेपंधरा इंचांचा. एकच तार लॅपटॉपास जोडली कीं चालू. दुपारचीं जेवणें आटोपलीं म्हणजे तो जेवणाच्याच टेबलावर उभा राहतो, आणि चहाची वेळ झाली कीं पिशवींत जातो.

एका परिचित कुटुंबाच्या ३०० पत्रिकांचें काम आलें होतें. कांठ कुंकवाच्या रंगाचा हवा होता. पडद्यावर तो कांठ विटल्यासारखा दिसे आणि कागदाचा पांढरा भाग निळसर वाटे. सूनबाईंनीं आम्हांस बोलावून विचारलें, "मामंजी, हा पडदाच निळसर आहे का हो?" आम्हीं चष्मा सांवरून पाहिलें आणि मोठ्या अधिकारानें निर्वाळा दिला, "पडदा अगदीं शुभ्र आहे. उणें असेल तर तें तुमच्या चित्रांत असेल." वडील माणसाचा शब्द! त्यांनीं चित्रांत पिवळा घातला आणि कांठाचा रंग चढविला.

पत्रिका छापून आल्या तेव्हां कुंकवाच्या जागीं शेंदूर उतरला होता आणि कागद हळदीच्या पाण्यांत बुचकळून काढल्यासारखा दिसत होता. "ही लग्नाची पत्रिका कीं मारुतीच्या उत्सवाची?" असें वधूच्या मातोश्रींनीं विचारलें, आणि त्यांचें चुकलें असें आम्हांस म्हणवत नाहीं. दुसऱ्यांदा छपाईचा खर्च आमच्याकडे आला. घरांत कोणी छापखान्यास दोष दिला, कोणी पडदा भंगारांत घाला म्हणून सुचविलें. सूनबाई कांहींच बोलल्या नाहींत. त्यांनीं पडदा कपाटांत ठेवला आणि पुढें पंधरा दिवस आलेलीं कामें परत केलीं. तें मात्र आम्हांस फार लागलें.

पौषांत आमच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. ज्यांची एकाच डोळ्याची झाली आहे त्यांस हा अनुभव असेलच, कीं एक एक डोळा झांकून पाहिलें तर जुन्या डोळ्यास भिंत पिवळट दिसते आणि नव्या डोळ्यास तीच भिंत पांढरी, किंबहुना किंचित् निळी. वयोमानानें डोळ्यांतलें भिंग पिवळें पडत जातें व निळा प्रकाश अडवितें. हें इतकें सावकाश होतें कीं ज्याचें त्यास कळत नाहीं. सहज मनांत आलें म्हणून आम्हीं तो पडदा कपाटांतून काढून लावला. डाव्या डोळ्यानें शुभ्र. उजव्या डोळ्यानें उघड उघड निळा! शास्त्रांतली कावीळ येथें उलट झाली होती. शंखच निळा होता, आणि आमच्या पिवळ्या डोळ्यानें त्यास पांढरा ठरविलें होतें. सूनबाईंची शंका खरी होती आणि आमचा निर्वाळा खोटा.

त्या दिवसापासून महाविद्यालयांत शिकणारा आमचा नातू, सूनबाई आणि आम्ही अशा तिघांनीं हा विषय हातीं घेतला. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें देतों. कारण असे पडदे हल्लीं पुष्कळ घरांत आले आहेत.

पहिली गोष्ट पडद्याच्या स्वतःच्या जुळणीची. बाजूचें बटण दाबलें कीं एक यादी उघडते. तींत रंगाचें 'तापमान' असतें. आमच्या पडद्यावर तें 'थंड' या खुणेवर होतें. हें तापमान केल्विनांत मोजतात, आणि यांत एक गंमत आहे. लोखंड तापवूं लागलें कीं तें प्रथम तांबडें होतें, मग पिवळें, मग पांढरें. म्हणजे उष्णता वाढेल तसा प्रकाश निळ्याकडे झुकतो. आपण मात्र तांबड्यास उष्ण आणि निळ्यास थंड म्हणतों! तेव्हां ज्या पडद्याचा आंकडा मोठा तो अधिक निळा. सर्वमान्य प्रमाण ६५०० केल्विनांच्या आसपासचें, दिवसाच्या प्रकाशासारखें आहे. यादींत 'एस्.आर्.जी.बी.' नांवाची जुळणी असेल तर बहुधा तीच घ्यावी. 'व्हिव्हिड' वगैरे भडक जुळण्या आणि निळा प्रकाश कमी करणारी सोय रंगकामाच्या वेळीं बंद असावी. संगणकांतही सायंकाळीं पडदा पिवळा करणारी 'नाइट लाइट' नांवाची युक्ति असते. ती आमच्याकडे रोज सात वाजतां आपोआप चालू होई, आणि सूनबाईंचें निम्में काम सातनंतरचें!

दुसरी गोष्ट उजेडाची. एकाच तारेनें लॅपटॉपांतून वीज घेणारे पुष्कळ पडदे ती पुरेशी न मिळाल्यास आपला प्रकाश मंद करतात. पडदा मंद म्हणून चित्र उजळ करावें, तर तें कागदावर फिकट उतरतें. आम्हीं पडद्यास वेगळी वीज दिली. उलट पडदा फार प्रखर ठेवला तर छापील प्रत काळवंडते. छपाईच्या कामास साधारण ८० ते १२० निट प्रकाश योग्य समजतात. यंत्र नसेल तर खिडकीच्या उजेडांत कोरा कागद पडद्याशेजारीं धरून दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत पडदा उतरवावा. दिव्याचा पिवळा प्रकाश वा टेबलावरचें लाल मेणकापड यांचीही छाया पडते. आणि हे पडदे ज्या घडीच्या आवरणावर उभे करतात तें फार मागें कलतें. दृष्टि पडद्याशीं काटकोनांत असावी. एच्.डी.एम्.आय्. तारेनें जोडणाऱ्यांस काळा रंग राखाडी दिसत असेल, तर संगणक ० ते २५५ ऐवजीं १६ ते २३५ एवढ्याच पायऱ्या पाठवीत आहे काय, हें पाहावें.

एवढें केल्यावर निळसरपणा पुष्कळ गेला. पण 'पुष्कळ' हें कोणी ठरविलें? पुन्हां डोळ्यानेंच. रंग आंकड्यांत मांडण्याची पद्धति १९३१ सालीं आंतरराष्ट्रीय प्रकाश-आयोगानें मान्य केली, ती राइट आणि गिल्ड या दोघां इंग्रज संशोधकांच्या प्रयोगांवर आधारलेली आहे. त्यांनीं तपासलेलीं माणसें अवघीं १७. परंतु त्या सतरा जणांच्या साक्षीवरून जो 'प्रमाण द्रष्टा' निघाला, तो आजही सर्व पडद्यांचा पंच आहे. आमच्यासारख्या मोतीबिंदूवाल्याची साक्ष त्यापुढें कोण घेणार?

हा पंच घरीं आणण्याचें साधन म्हणजे कलरिमीटर. नातवाच्या एका छायाचित्रकार मित्राकडून आम्हीं तें दोन दिवस मागून आणलें. लिंबाएवढें यंत्र, तें पडद्यावर लोंबकळत ठेवावयाचें. पडदा अगोदर अर्धा तास तापूं द्यावा. मग संगणक एकामागून एक रंगांचे चौकोन दाखवितो, यंत्र ते मोजतें, आणि मागितलेला रंग व उमटलेला रंग यांतील अंतर टिपून घेतें. आर्जिल सीएमएस हें मोफत साधन या कामास पुरतें. या अंतरास डेल्टा-ई म्हणतात; तें एकाच्या आसपास असलें तर डोळ्यास जेमतेम कळतें. आमच्या पडद्याचें सरासरी अंतर प्रथम सहाच्या वर होतें.

येथें दोन क्रिया वेगळ्या ओळखाव्या. घड्याळ पांच मिनिटें मागें असेल तर कांटे फिरवितां येतात. तें पडद्याची जुळणी करण्यासारखें. कांटे फिरत नसतील, तर 'हें पांच मिनिटें मागें आहे' अशी चिठ्ठी लावून ठेवावी, तें प्रोफाइल. ही चिठ्ठी वाचून संगणक प्रत्येक रंग त्या मानानें सुधारून पाठवितो. मात्र वाचणारा कार्यक्रम हवा. चित्रकामाचे चांगले कार्यक्रम ती वाचतात, साधे कांहीं वाचीत नाहींत. प्रत्येक पडद्याची चिठ्ठी निराळी, हेंही विसरूं नये.

चिठ्ठी लावल्यावर सरासरी अंतर दोनच्या खालीं आलें. सूनबाईंच्या चेहऱ्यावर महिन्याभरांत प्रथमच हांसूं दिसलें. परंतु यंत्रानें एक अप्रिय गोष्टही सांगितली. कुंकवाचा लाल मात्र सुधारला नाहीं, आणि सुधारणारही नव्हता. कारण तो त्या पडद्याच्या आवांक्यांतच नव्हता. एस्.आर्.जी.बी. हें प्रमाण १९९६ सालीं सुचविलें गेलें व १९९९ सालीं आंतरराष्ट्रीय मानक झालें. त्याच्या रंगक्षेत्रापैकीं आमचा पडदा अवघे ६२ टक्के दाखवूं शकत होता. विकत घेतांना खोक्यावर '१ कोटी ६७ लक्ष रंग' असें छापलेलें होतें, त्यावर आम्ही भुललों. ती पायऱ्यांची संख्या. जिना किती उंच जातो हें तिच्यावरून कळत नाहीं. घेणाऱ्यांनीं '१०० टक्के एस्.आर्.जी.बी.' किंवा निदान '७२ टक्के एन्.टी.एस्.सी.' हे शब्द पाहावे. दोहोंचा अर्थ जवळजवळ एकच. '४५ टक्के एन्.टी.एस्.सी.' असेल तर तो पडदा एस्.आर्.जी.बी.च्या ६०-६५ टक्क्यांवरच थांबावयाचा. हिशेब आणि पत्रव्यवहार यांस तो चांगला; कुंकवास नव्हे.

नवा पडदा लागलाच घेणें झेपणारें नव्हतें. सूनबाईंनीं त्यावर आपली तोड काढली. कुंकू, केशर, मोरपंखी असे बेरंग होणारे रंग त्या आतां डोळ्यानें ठरवीत नाहींत. छापखान्यांतून रंगांचे छापील नमुने आणून त्यांवरचे आंकडे पाहून ते भरतात, आणि पूर्ण छपाईपूर्वीं एक प्रत मागवून दिवसाच्या उजेडांत पाहतात. त्या एका प्रतीचा खर्च गिऱ्हाइकास आधींच सांगितला, तर कोणी नाहीं म्हणत नाहीं.

माघांत त्यांनीं दोन मुंजींच्या पत्रिका केल्या. पहिली नमुन्याची प्रत आली तेव्हां त्यांनीं ती देव्हाऱ्यांतल्या करंड्याशेजारीं धरून सर्वांस दाखविली. आम्हांसही दाखविली, पण मत विचारलें नाहीं. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया व्हावयाची आहे. ती होईतों रंगाच्या बाबतींत मामंजींची साक्ष घ्यावयाची नाहीं, असा घरांत एकमतानें ठराव झाला आहे.