कुठली पट्टी, बाळ?
सुट्टीतल्या संगीत बालनाट्याच्या निवडीला भाचीला घेऊन गेलो होतो. हॉलबाहेर तीसेक पोरं आणि त्यांच्याहून घाबरलेल्या आया. प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये कराओके तयार. आत पेटीवरच्या काकांनी मोबाइल बाजूला ठेवायला लावला आणि विचारलं, ‘‘कुठली पट्टी, बाळ?’’ भाची माझ्याकडे बघायला लागली, जणू तिची पट्टी मी खिशात घालून आणलीय. काकांनी काळी चार धरून तिच्याकडून ‘सा’ लावून घेतला, मग एकेक सूर वर चढत गेले आणि तिची मान ताणली जाताच थांबले. झाली परीक्षा. तीन आठवडे घरभर घोकलेलं गाणं कुणी ऐकलंच नाही, हे तिच्यापेक्षा मलाच जास्त लागलं. तिच्यामागून गेल्या वर्षीचा राजपुत्र आला, आता ओठांवर लव. वरच्या ‘सा’ला आवाज चिरकला, पोरं फिदीफिदी हसली. काकांनी मान वर न करता पट्टी उतरवली, तरी गळा घसरतच होता. ‘‘फुटतोय आवाज. बालगंधर्व 1905 मध्ये किर्लोस्कर कंपनीत आले ना, तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते. तुझ्या वयाचे नव्हते,’’ काका म्हणाले. पोराला त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्याला म्हाताऱ्या प्रधानाचं काम मिळालं, त्यात एकही पद नाही. जरा वेळ तो चपलेशी खेळत उभा राहिला, मग हळूच विचारलं, ‘‘दाढी लावणार ना पण?’’