आधी चौक, मग ट्रॅक : पुण्यातील रोजच्या सायकलस्वारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. महापौर, मा. महापालिका आयुक्त आणि मा. पोलीस उपायुक्त (वाहतूक), पुणे

महोदय,

पुण्यात सायकलचा विषय निघाला की रविवारी पहाटे सिंहगडाकडे निघालेले हौशी सायकलपटू आठवतात. आमच्या सायकलस्वारांच्या संघटनेत तेही आहेत आणि त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण हे मागणीपत्र ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या सायकलला गिअर नसतात, बहुतेकदा दिवाही नसतो. बारा तासांची पाळी संपवून घरी निघालेले सोसायट्यांचे सुरक्षारक्षक, पहाटे दूध आणि पेपर टाकणारे, हँडलला किटली अडकवून चहा विकणारे, चार घरची कामे करणाऱ्या बाया, शाळेत जाणारी मुले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर असलेल्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक सायकलने कामावर जात होते. सायकलचे फायदे या लोकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांना रोज धडधाकट घरी पोहोचता आले पाहिजे.

नवा आराखडा आम्ही मागत नाही. पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला, तो आम्हाला मान्य आहे. त्यात आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे आखलेले आहे. त्याच्या आधी, २०१६ मध्ये, रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली गेली. त्याच्याही आधी बीआरटीबरोबर स्वारगेट ते कात्रज रस्त्याच्या कडेला सायकल ट्रॅक झाले. म्हणजे विचार झाला, ठराव झाला, काही ठिकाणी बांधकामही झाले. तरी सायकलस्वार मुख्य रस्त्यावरच, बसच्या मागे धूर खात चाललेला दिसतो. असे का होते, याचे उत्तर आमच्या मते चौकात आहे.

कोणत्याही जुन्या ट्रॅकवरून संध्याकाळी साडेसहाला जाऊन पाहावे. पेव्हर ब्लॉकवरून खडखडत सायकल पुढे जाते. मध्ये डीपी बॉक्स, मग बसथांबा, मग एखाद्या दुकानाची पायरी. चौक जवळ येतो आणि ट्रॅक वीतभर उंचीवरून एकदम संपतो. उतार नाही. सायकलस्वार उतरतो, मागचे चाक उचलून खाली ठेवतो, आणि जिथे उभा राहतो तिथूनच डावीकडे वळणाऱ्या रिक्षा आणि दुचाकी सिग्नल न पाहता सुटतात. चौक कसाबसा पार केला की पलीकडे ट्रॅकवर चढायला पुन्हा वीतभर कठडा. दोन दिवस हे केल्यावर माणूस ट्रॅकचा नाद सोडतो. मग सभेत म्हटले जाते की ट्रॅक बांधले, पण कुणी वापरत नाही. हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. तुकड्यातुकड्याच्या ट्रॅकवरून सायकलला मागणी आहे की नाही हे ठरवता येत नाही.

स्पेनमधील सेव्हिया हे शहर उन्हाळ्यात चांगलेच तापते, आणि तिथे रोज सायकल चालवण्याची फारशी सवयही नव्हती. त्या शहराने २००६ नंतर अवघ्या काही वर्षांत सलग, वाहतुकीपासून वेगळे केलेले आणि एकमेकांना जोडलेले ट्रॅक बांधले, आणि सायकलींची संख्या कित्येक पटींनी वाढली. तुटक ट्रॅकचे वर्षानुवर्षे लांबणारे काम तिथे झाले असते तर हे घडले नसते. पुण्याला तर सायकलची सवय लावायचीही गरज नव्हती. हे सायकलींचेच शहर होते. सायकलला कराचा बिल्ला लागायचा तो काळ आठवणारे लोक आजही आपल्यात आहेत.

आमची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी म्हणूनच चौकांची आहे. नवा ट्रॅक एक मीटरही बांधण्याआधी, आहेत त्या ट्रॅकवरील प्रत्येक चौक दुरुस्त करावा. ट्रॅक चौकापर्यंत त्याच पातळीवर यावा किंवा सौम्य उताराने रस्त्याला मिळावा. चौकातून सायकलची वाट रंगाने आखलेली असावी. थांबरेषेच्या पुढे सायकलींना उभे राहण्याची जागा असावी, म्हणजे सिग्नल सुटताना सायकलस्वार बसचालकाच्या नजरेसमोर राहील. जिथे सायकली आणि पादचारी जास्त आहेत तिथला 'फ्री लेफ्ट' बंद करावा. डाव्या वळणाच्या वाहनांना मिनिटभर थांबावे लागेल हे आम्हाला माहीत आहे. तरीही ही मागणी आम्ही सोडणार नाही.

दुसरी मागणी वेगाची. जिथे वेगळा ट्रॅक शक्य नाही, म्हणजे पेठांमधले रस्ते, शाळांचे रस्ते, वस्त्यांमधले अंतर्गत रस्ते, तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा हवी. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी, जिथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तिथे हीच मर्यादा सुचवली आहे. हिशोब साधा आहे. ५० च्या वेगाने येणाऱ्या गाडीच्या धडकेत ३० च्या तुलनेत सुमारे पावणेतीन पट ऊर्जा असते. मात्र नुसता फलक लावून वेग कमी होत नाही. त्यासाठी वळणे आवळावी लागतात आणि ओलांडण्याची जागा रस्त्यापेक्षा उंच करावी लागते.

देखभालीबाबत एक बारीक पण जिवावरची गोष्ट. पावसाळी गटारांच्या जाळ्यांच्या पट्ट्या कित्येक ठिकाणी रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या आहेत. सायकलचे अरुंद चाक त्या फटीत अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. पावसात पाणी साचले की जाळी दिसतही नाही. पट्ट्या आडव्या येतील अशा जाळ्या बसवणे हे एका पावसाळापूर्व मोहिमेत होण्यासारखे काम आहे. ते याच वर्षी व्हावे.

ट्रॅकवरच्या दुचाकींचा प्रश्न अवघड आहे आणि तो बोलार्डचे खांब ठोकून सुटणार नाही. सायकलच्या आणि स्कूटरच्या हँडलच्या रुंदीत चार-सहा बोटांचाच फरक असतो. स्कूटर अडेल इतक्या जवळ बोलार्ड लावले की दुधाच्या कॅनची सायकल आधी अडकते. इथे कायदाच वापरावा लागेल. केंद्राच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांनी फुटपाथ आणि सायकल ट्रॅकवर वाहन चालवायला मनाई केली आहे. वाहतूक पोलिसांनी त्याखालच्या कारवाईची आकडेवारी दर महिन्याला प्रसिद्ध करावी, आणि ट्रॅकवर उभ्या केलेल्या गाड्या उचलाव्यात.

अपघातांच्या चौकशीविषयी आमचा आग्रह विशेष आहे. ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे गेली, की ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. सायकलस्वार मात्र एक इथे, एक तिथे असा मरतो. त्याच्या मृत्यूने कुठलीच जागा यादीत येत नाही आणि रचनेतला दोष तसाच राहतो. सायकलस्वाराच्या प्रत्येक प्राणघातक अपघातानंतर १५ दिवसांत पोलीस, पथ विभाग आणि नागरिक प्रतिनिधी यांनी एकत्र जागेची पाहणी करावी आणि अहवाल जाहीर करावा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९८-अ रस्त्याच्या सदोष रचनेसाठी ठेकेदार, सल्लागार आणि यंत्रणा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. ते कलम वापरावे.

याखेरीज मेट्रो स्थानके, मंडया आणि महापालिकेच्या शाळांजवळ छप्पर असलेले सायकल स्टँड हवेत. रात्रपाळीच्या कामगारांना मागचा लाल दिवा आणि परावर्तक मोफत द्यावेत. खर्च नगण्य आहे.

सायकलस्वार उलट्या दिशेने येतात, ही तक्रार खरी आहे. आम्ही आमच्या सदस्यांना त्यापासून रोखतो. पण लांबच लांब दुभाजकामुळे समोरच्या गल्लीत जायला मोठा वळसा पडत असेल, तर थकलेला माणूस काय करेल याचाही विचार रस्ता आखणाऱ्याने करावा. तसेच हेल्मेटसक्ती करून सायकलस्वारांच्या सुरक्षेचा विषय मिटवला जाऊ नये. हेल्मेट आम्ही वापरतो, पण वळणाऱ्या बसच्या मागच्या चाकापुढे त्याचा उपयोग नसतो.

पैसा आणि वेळ नाही, हे उत्तर आता पटण्यासारखे नाही. जानेवारी २०२६ मधल्या पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी तिच्या मार्गावरचे रस्ते ठरल्या मुदतीत गुळगुळीत झाले. यंत्रणेची ती क्षमता रोजच्या सायकलस्वारासाठीही लागावी. त्यासाठी अंदाजपत्रकात सायकलसाठी स्वतंत्र शीर्ष असावे, ती रक्कम दुसरीकडे वळवता येऊ नये, आणि एका अधिकाऱ्याकडे नावानिशी जबाबदारी द्यावी.

प्रत्येक परिमंडळातून दोन, असे चौक निवडून त्यांची दुरुस्ती येत्या सहा महिन्यांत पूर्ण करावी. जागेच्या पाहणीसाठी आमचे सदस्य, त्यांत रोज कामावर सायकलने जाणारे कामगार, केव्हाही यायला तयार आहेत. या पत्राचे लेखी उत्तर ३० दिवसांत मिळावे, ही विनंती.

आपले,
कार्यकारिणी आणि सर्व सदस्य